धुरावरचा कोंबडा, दिवसाउजेडी

मधली वाडी, ता. मुरबाड
दि. ३० जानेवारी २०००

चि. सौ. ललितास आईचा आशीर्वाद.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. मी बरी आहे. तांबडी शेळी व्याली, दोन करडं झाली. परसातल्या वालाला शेंगा धरल्यात. पोस्टमन काय ऐकत नाय, नेहमीसारखा वाडीच्या तोंडापासून ‘गं. भा. सकुबाई’ ओरडत आला. तुझे बाबा जाऊन तीन वर्षं झाली, पण त्याच्या तोंडून ते ऐकलं की मी परवाच विधवा झाल्यासारखी माणसं माझ्याकडे बघतात. तू लिहितेस ते रीतीचंच आहे, तुला बोल लावत नाय. मनात आलं म्हणून लिहिलं.

जावईबापूंची रात्रपाळी संपली का? सासूबाईंचा गुडघा निरगुडीच्या पाल्यानं शेकतेस ना?

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. तू लिहितेस, संक्रांतीच्या करीला पाठवलेला धुरावरचा कोंबडा आणि वाल सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ले, सासूबाईंनी तर डबा भाकरीनं पुसून घेतला. ‘पण आई, ह्या वेळी धुराची चव वेगळी होती. बाबा करायचे त्याहून गोड. काय घातलंस? सगळं नीट लिही.’ बरं, लिहिते. गॅसवर कसं जमवायचं ते तुझं तू बघ.

कोंबडा गावठी घे, ते पांढरे ब्रॉयलर नको, फुळकवणी लागतात. पिसं काढून जाळावर भाजून घे, साफ कर, अख्खाच ठेव. लसूण, हळद, मीठ आतबाहेर चोळ आणि चुलीच्या वर टांग. जाळ नको, नुसता धूर लागला पाहिजे. थंडीचे दिवस असले तर दोन-तीन दिवस राहतो, पिवळ्याचा तांबूस होतो. इकडे कडवे वाल भिजत घाल, फडक्यात बांध, मोड आले की कोमट पाण्यात सोल. सोलायचा कंटाळा केलास तर मला सांगू नकोस पुढचं. कांदा-खोबरं भाजून वाटण कर. आधी कोंबड्याचे तुकडे वाटणात नि लाल मसाल्यात परतून भरपूर पाण्यात मंद शिजव. धुरावरचं मांस चिवट असतं, त्याला घाई चालत नाय. मांस हाडापासून सुटायला लागलं की वाल टाक. आधी टाकलेस तर त्याचं पिठलं होईल. शेवटी दोन आमसुलं.

राहिला धूर. तुझे बाबा जांभळीची ओली फाटी लावायचे. ह्या वेळी निखाऱ्यावर मूठमूठ भाताचं तूस टाकलं. ते पेटत नाय, धुमसत राहतं, आणि धूर मऊ येतो. एवढंच वेगळं होतं.

इथवर लिहून पाकीट चिकटवणार होते. पण तू माझी लेक. तू लगेच विचारशील, इतकी वर्षं नाय आणि आता बरं सुचलं तुला तूस! मला नाय सुचलं गो. रघूभाऊंना सुचलं.

खालच्या वाडीतले रघूभाऊ, आपल्या घराची कौलं चाळायला येतात ते. तुझ्या लग्नाचा मांडव त्यांनीच घातला होता. त्यांची बायको काविळीनं गेली, पोरबाळ नाय. मे महिन्यात कौलं चाळायला वर चढले होते, आणि वरूनच चुलीवर डोकावून विचारतात, “सकुवैनी, ह्या आकड्याला काय टांगायचे तुमी?”

“कोंबडा,” मी म्हटलं.

“मग आता रिकामा का?”

“एका माणसासाठी कोंबडा कोण टांगतं? पाव कोंबडा टांगता येतो का?” मी जरा फणकाऱ्यानंच बोलले.

“नाय येत,” म्हणाले, आणि पुन्हा कौलं लावायला लागले.

तेवढंच बोलणं. पण मला ते लागलं. खरं सांगू? तीन वर्षं मी रांधलंच नाय काय. भात टाकायचा, बोंबलाचा तुकडा भाजायचा, उभ्या उभ्या गिळायचं. ताटसुद्धा घेत नव्हते, पातेल्यातच कालवायचे. तुला कधी सांगितलं नाय, कारण तू रडत आली असतीस नि मला वाशिंदला घेऊन गेली असतीस. मला तुझ्या दीड खोलीत यायचं नव्हतं.

भात झोडून झाला आणि रघूभाऊ एक तुरेवाला कोंबडा बगलेत मारून दारात हजर. मी म्हटलं, हे काय सोंग? तर म्हणे, “टांगा. दोन माणसांचा होतोय आता.” शिव्या घालत पाणी गरम केलं. तूस त्यांनीच आणलं, त्यांची आई तसा धूर द्यायची म्हणे. वाल भिजत घालताना माझा हात आपोआप जुन्या अंदाजानं डब्यात गेला आणि ढीगभर वाल पडले. ते बसले सोलायला माझ्यासोबत. पुरुषमाणूस, पण एक वाल फुटू दिला नाय.

जेवायला बसलो. पहिला घास तोंडात गेला नि मला रडूच फुटलं. चांगलं हुंदके देऊन रडले गो, वेड्यासारखी. तव्यावर भाकरी करपत होती ती त्यांनी उठून उलटली, आणि परत येऊन जेवायला लागले.

त्यानंतर येत राहिले. कधी मासळी घेऊन, कधी नुसतेच. संक्रांतीला दुसरा कोंबडा टांगला, त्यातलाच डबा तुला पाठवला. म्हसा गावच्या जत्रेला आमी एसटीनं बरोबर गेलो आणि मी मोठा टोप घेतला, वीस माणसांचा रस्सा मावेल एवढा. तिथं तुझ्या चिमीआत्यानं बघितलं. “एकटीला एवढा टोप कशाला गो?” म्हणाली, रघूंकडे बघत. तुझ्या कानावर एव्हाना आलंच असेल. आलं नसेल तर माझ्याकडून ऐक. आमी लग्न करायचं ठरवलंय. जत्रेपासून मी त्यांना भाऊ म्हणायचं सोडलंय.

तुझे बाबा वाईट होते म्हणून नाय. त्यांची आठवण येते, आकड्याकडे बघितलं की अजून येते. पण मी सेहेचाळीसची आहे ललिता, आणि मला कोणासोबत तरी जेवायचंय.

चिमीआत्या दोन दिवस बोलली नाय, मग स्वतःच आली. म्हणते, “तुला पाट लावायचा तर लाव, विधवेचं दुसरं लग्न आपल्यात चालतं. पण रीतीनं लाव. रातच्याला, गावाबाहेर, दिवा न लावता. आणि ललिताला बोलवू नको. ती सवाशीण, तिनं पाट बघू नये. तिच्या कुंकवाला बरं नाय.”

बाकी सगळं मी उडवून लावलं असतं. ह्या एका गोष्टीशी मी अडले. तुझं काय वाईट व्हावं असं मी कधी करेन का? पण मी चोरी करत नाय गो. अंधारात तोंड लपवून मला कोणाच्या घरात जायचं नाय, नि त्यांनाही माझ्या घरात तसं आणायचं नाय. मला भर दुपारी करायचंय, अंगणात, आणि नव्या टोपातला रस्सा वाडीला वाढायचाय. तेरा फेब्रुवारी, रविवार धरलाय. रघूंनी तीन कोंबडे आत्ताच हेरून ठेवलेत.

पण तू आलीस तरच. तुझ्या सासरी हे सांगणं सोपं नाय, मला कळतंय. तुझ्या मनात नसेल तर तसं लिही, मी टोप माळ्यावर टाकीन, आणि पुन्हा हा विषय काढणार नाय. रघूंना तसं सांगून ठेवलंय. ते म्हणाले, “पोरीनं त्या धुराला गोड म्हटलंय ना, मग लिहा तिला.”

लिहिलं. आता तुझ्या पत्राकडे डोळे आहेत.

पाव कोंबडा टांगता न येणारी,
तुझी आई


वाशिंद
दि. ६ फेब्रुवारी २०००

ती. आईस ललिताचा नमस्कार.

तुझं पत्र आलं तेव्हा सासूबाई शेंगा सोलत होत्या. “मोठ्यानं वाच,” म्हणाल्या, “कोंबड्याचं लिहिलं असेल.” मी वाचत सुटले. पिसं काढली, वाल सोलले, तूस टाकलं, आणि तिथं मी पत्राची घडी घातली. “पुढे?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पुढे मीठ चवीपुरतं.

खोटं नाय बोलत, मला राग आला. तुझा आला, रघूकाकांचा आला, आणि माझा सगळ्यात जास्त. बाबांपेक्षा गोड म्हणून मीच लिहिलं होतं ना! बाबांना मी फसवलं असं वाटत राहिलं. ह्यांच्याशीही दोन दिवस धड बोलले नाय.

मग काल जेवताना आठवलं. तू आमच्याकडे आलीस की ताट घेऊन अगदी मला चिकटून बसायचीस. पलीकडे जागा असताना! मी एकदा हसले पण होते तुला, “काय लहान पोरीसारखं करतेस?” म्हणून. आई, तू पातेल्यात जेवत होतीस आणि मला सांगितलं नाहीस. आता भेटलीस की आधी त्याचं भांडण आहे.

सासूबाईंना आज सगळं सांगितलं, पाटाचं आणि सवाशिणीचंही. त्या म्हणाल्या, “मला पटत नाय. पण आई आहे तुझी, जा. कुंकू जरा मोठं लावून जा.” वर परत म्हणाल्या, “येताना रस्सा आण.” हे पण माझ्याबरोबर येतायत, रजा टाकलीय.

वाल एकटीनं सोलू नकोस. आमी शनिवारी दुपारीच शहापूरहून मुरबाडची एसटी धरतो. रविवारी पहिली वाटी बाबांच्या फोटोसमोर मी ठेवणार. दुसरं ताट रघूकाकांचं, तेही मीच वाढणार. त्यांना बाबा म्हणणं मला जमणार नाय, ते आधीच सांगून ठेव. चिमीआत्याला अंधारच हवा असेल तर संध्याकाळी ये म्हणावं, उरलं तर मिळेल.

ह्या पाकिटावर मी गं. भा. लिहिलेलं नाय. नुसतं सकुबाई लिहिलंय. पोस्टमन हाक मारताना अडखळेल, अडखळू दे. तेरा तारखेनंतर त्याला ‘सौ.’ म्हणून ओरडायचंय, तेवढी सवय आतापासून होऊ दे.

तुझ्या पंगतीत तुला चिकटून बसणारी,
ललिता