लायसन्सवरचा पत्ता

प्रिय नोएमीताई,

फ्लोरियानोपोलिसला सुखरूप पोचलो. पोरं समुद्रातून बाहेर निघत नाहीत. तुझी कंबर बरी आहे ना?

भाड्याच्या गाडीसाठी इथे ब्राझीलमध्येही आपलं आर्जेन्टिनाचं लायसन्स चालतं. काउंटरवरच्या मुलीने ओस्वाल्दोचं घेतलं आणि पत्ता मोठ्याने वाचला. रोसारियोचा.

"आपण राफाएलात राहतो ना रे?" मी नवऱ्याला विचारलं.

"जुना असेल," म्हणाला. लायसन्स मार्चमध्येच काढलंय. नगरपालिका राहत्या घराचा पुरावा घेतल्याशिवाय ते देत नाही. मला वाटायचं, तो रोसारियोला कामासाठी जातो.

गाडी मीच चालवतेय. माझ्या लायसन्सवर माझ्याच घराचा पत्ता आहे.

तुझा पत्ता मला कधीच पाठ नव्हता, ताई. या पाकिटावर त्याच्या लायसन्सवरून उतरवून घेतलाय.

तुझीच,
मिर्ता