पुलाअलीकडची वीस पावलं

४ मार्च
आज ऑफिसातून एक बाई आल्या. इंजिनिअर! हातात पेटी, पायात कोरे बूट. मी इथल्या रेल्वेच्या तुकडीचा मुकादम, अकरा वर्षं या पुलावर घासतोय – आणि मलाच शिकवणी! "पूल जागचा हलत नाही, पण त्याला टेकलेला मातीचा भराव दबतो. म्हणून पुलाअलीकडच्या वीस पावलांत रूळ खाली बसतो." वा! हे आमचा चहावालाही सांगेल. दर पंधरा दिवसांनी रुळाखालच्या आडव्या स्लीपरखाली खडी ठासतो, ती काय हौस म्हणून?

५ मार्च
साहेबांचं फर्मान. सतरा तारखेपासून पुलावर ताशी तीसऐवजी शंभरचा वेग. त्याआधी 'जागा ठीक आहे' असा कागद मी सही करून द्यायचा. स्वतः येऊन बघतील तर खुर्चीला वाईट वाटेल ना!

८ मार्च
धाकटा भाऊ जेवायला आला होता. इंजिन चालवतो, त्यामुळे जमिनीवर पाय नसतात. सतराची पहिली वेगाची गाडी त्याचीच. म्हणे, "दादा, पुलावर चढताना हल्ली दणका बसतो रे." म्हटलं, "तुझी कंबर गेलीय, माझा रूळ नाही." बायको हसली. तो अर्धा भात टाकून उठला.

९ मार्च
तरी जाऊन रुळाची पातळी मोजली. केसाचाही फरक नाही. नाचता येईना, अंगण वाकडं!

११ मार्च
बाई पुन्हा हजर. म्हणे, रिकामा रूळ मोजून कळत नाही, गाडी वरून जाताना किती दबतो ते मोजा. धावत्या गाडीखाली झोपू का?
मग विचारतात, "आतापर्यंत इथं खडी किती घातलीत?"
"लिहून कोण ठेवतंय? खड्डा दिसला की भरतो."
"पण मुकादम, एवढी खडी जाते कुठे?"
जाते कुठे! माती खाते, अजून काय. तुकडीतली माणसं तोंड फिरवून हसली. बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. टिपा. शिकलेल्या माणसांना प्रश्न फुकट मिळतात, घाम आमचा जातो.

१२ मार्च
सही ठोकली. साहेब कागद न वाचताच म्हणाले, "शाब्बास!"

१४ मार्च
त्या बाईंचा प्रश्न डोक्यातून जाईना. किडा सोडून गेल्या! शेवटी बोटांवर मोजलं. महिन्यातून दोनदा, दर वेळी दहा-बारा घमेली, अकरा वर्षं. तीन हजारांच्या आसपास घमेली होतात! मोजताना चुकलो असेन म्हणून पुन्हा मोजलं. तेवढीच.
बायकोला सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "अहो, एवढ्यात आपलं घर बुजेल की. मग तिथं डोंगर कसा नाही झाला?"
हिला कोणी विचारलं होतं? आता घरातही एक इंजिनिअर झाली! चिडून चहा न घेताच उठलो.

१५ मार्च
तुकडीतल्या म्हाताऱ्याला सहज विचारलं, "पुलाखाली शेवटचं कोण उतरलं होतं?" तो म्हणाला, "खाली कशाला उतरायचं? रूळ तर वर आहे." एरवी मीही हेच म्हटलं असतं. आज गाढव वाटला.

१६ मार्च
सकाळी एकटाच खाली उतरलो. पुलाच्या टोकाच्या भिंतीला भेग, तिच्यातून गढूळ पाणी. कडेची माती उकरून हात घातला – खांद्यापर्यंत आत गेला! भराव आतून वाहून गेलाय, पोकळ झालाय. आणि वर माझा रूळ एकदम सरळ! अकरा वर्षं मी खड्डा झाकत होतो.
लाल झेंडी घेऊन रुळावर धावलो. थांबली ती धाकट्याचीच गाडी. खिडकीतून ओरडला, "काय झालं रे दादा?"
म्हटलं, "चुकलं माझं."