काजळाच्या डबीसकट पिशवी

६ जानेवारी, सोमवार
वल्लरीनं सकाळीच फोन हातात दिला. म्हणे, आजी, हे वाच आणि काय कळलं ते सांग. आमची नात एका इस्पितळासाठी मोबाइलवरचं पान बनवतेय - मोतीबिंदूच्या ऑपरेशनला येताना काय करायचं, काय नाही. वाचायला घेतलं तर मुंग्यांची रांग नुसती. मी म्हटलं, बाई, चौथीपर्यंत शिकलेली मी, मध्ये श्वास घ्यायला जागा तरी ठेव. हसली नाही. शुक्रवारी तिच्या साहेबांना दाखवायचंय, गुरुदत्त नाव त्यांचं. ते म्हणतात, म्हातारी माणसं वाचतच नाहीत, काढून टाका ते पान. तीन महिने खपलीय पोरगी त्याच्यावर.
मग वाटाणे सोलत बसलो. यंदा वाटाणा गोड आहे.

७ जानेवारी
आज सगळं तोडून ओळी-ओळी केल्यात, प्रत्येक ओळीपुढे काळा ठिपका. डोळ्याला बरं वाटतं. पण चौदा ठिपके! पहिले तीन ध्यानात राहिले, शेवटचा राहिला, मधलं सगळं वाहून गेलं. "सगळ्यांचं असंच होतं आजी," म्हणाली. सातच ठेवले.

८ जानेवारी, बुधवार
शेजारच्या बथशेबाला बोलावलं. तिनं पान वाचलं, "सोप्पं आहे की." वल्लरी म्हणाली, मावशी, उद्याच ऑपरेशन आहे असं धरा आणि तयारी करून या. अर्ध्या तासानं बाई हजर, भरलेली पिशवी घेऊन. काजळाची डबी, पाटल्या, केसांच्या तेलाची बाटली, थर्मासमध्ये चहा!
पोरीचा चेहरा पडला. वर मोठ्या अक्षरात 'हे टाळा', आणि खाली ठिपके देऊन नुसती नावं - काजळ, दागिने, तेल, चहा. बथशेबा म्हणते, "यादी म्हटली की सामान घ्यायचं, गोदू. जन्मभर दुसरं काय केलं आपण?"
मला हसू आवरेना. पण खरं सांगायचं तर मीही पिशवीच भरली असती. वाण्याची यादी, हळदीकुंकवाची यादी - न आणायच्या वस्तूंची यादी कुणी केलीय कधी? वल्लरीला म्हटलं, वरच्या ओळीच्या भरवशावर राहू नकोस. प्रत्येक ओळीनं आपापलं सांगावं.

९ जानेवारी
नवं पान. काजळ लावू नका. दागिने घरी ठेवा. चहा पिऊ नका. बथशेबा आली ती डोळे धुऊन, हात मोकळे. "चहासुद्धा घेतला नाही, आता काहीतरी दे मेले." पोहे केले.

१० जानेवारी, शुक्रवार
पान राहिलं! साहेबांनी म्हणे स्वतःच्या आईला वाचायला दिलं. त्या माउलीनं काही न विचारता बांगड्या उतरवायला घेतल्या. वल्लरीनं येताना जिलेबी आणली, मी तीन खाल्ल्या.

१३ जानेवारी
त्या पानाच्या खाली नाव नोंदवायचं बटण आहे. दुपारी मीच दाबलं. डावा डोळा, गुरुवार, सकाळी नऊ. दोन वर्षं मुलाला नको नको म्हणत होते, भीती वाटायची. घरात अजून कुणाला माहीत नाही.