हशानंतरचं वाक्य

८ नोव्हेंबर १९९८, रविवार

कुरुंदवाडच्या पलीकडच्या गावात अंधश्रद्धेवर बोलले. दीड तास! चौक भरलेला, बायका देवळाच्या पायऱ्यांवर. इथे दोन-तीन घरांत अजून पेवं आहेत — जमिनीखालची कोठारं. शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, भरायचा, तोंड लिंपून टाकायचं. उघडताना आधी नारळ, मग दोराने पेटता दिवा आत सोडायचा. दिवा विझला तर 'बया आजून आत हाय' — बया म्हणजे पेवातली देवी — म्हणून त्या दिवशी कुणी उतरत नाही.

मी विचारलं, "ही बया शाळू नुसता खाते, की भाकरी थापून? आणि तेल तुमचं, दिवा तुमचा — तिला उजेडाचं एवढं वावडं का?" हशा! टाळ्या थांबेनात. तिथेच संपवलं. कुठे थांबायचं ते मला कळतं.

१० नोव्हेंबर

घसा बसलाय. मिठाच्या गुळण्या.

१२ नोव्हेंबर

सकाळी दादासोंचा फोन. आमच्या अंधश्रद्धाविरोधी चळवळीतले सगळ्यांत जुने. "ताई, त्या गावात पेवात मानूस गेलं."

जोतीराम नाव. चौतीस वर्षांचा. माझ्या सभेत पुढेच बसला होता म्हणे. काल पेव उघडलं आणि तासाभरात उतरला. खाली पोचून एकदा वर बघितलं आणि बसला — दमल्यासारखा. मेहुणा ज्ञानू कंबरेला दोर बांधून मागे गेला. तो बेशुद्ध वर आला, पण वाचला. जोतीरामला आकडा लावून काढलं.

आकडा लावून!

१३ नोव्हेंबर

प्रसेनजीतकडे गेले. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो.

"यंदा पावसाचं पाणी झिरपलं असणार, ताई. ओल्या दाण्यावर बुरशी, जिवाणू. तेपण श्वास घेतात की! आतला ऑक्सिजन संपवतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो जड, तळाशी बसून राहतो. वास नाही त्याला."

"मग पेवाला कुबट वास येतो तो?"

"तीपण त्यांनीच हवेत सोडलेली रसायनं. असतात नखभर, पण नाकाला कळतात. तो वास आला की समजायचं, आत कुणीतरी जेवायला बसलंय." हसत बोलत होता. माझ्याकडे बघून त्याने हसू आवरलं.

दिवा का विझतो ते विचारलं नाही. मला माहीत आहे. शाळेच्या पुस्तकात असतं. सभेच्या टिपणातही आहे, माझ्याच अक्षरात — 'दिवा विझतो तो वायूमुळे. बया नाही, पण दिवा सोडाच. विझला तर थांबा.'

हशानंतरचं वाक्य. टाळ्या पडल्या आणि मी खाली बसले.

१५ नोव्हेंबर

गावात गेले. पारावर पिराजी म्हणून एक म्हातारे. "या पावणं! बया न्हाय म्हनत हुता न्हवं? जोतीरामाला इचारा की." कुणी हसलं नाही. मी वायूचं सांगायला लागले. "दिसतोय व्हय तुमचा वायू? आमची बया दिवा इजवून सांगत तरी हुती."

मी तिथून जोतीरामच्या घराकडे निघाले.

जोतीरामची आई झुंबरबाई भिंतीला टेकून. बायको तानाबाई सासूकडे बघत म्हणाली, "मी रानात गेलती. आत्तींनी आडवलं आसंल त्येला. त्या कुनाला दिव्याबिगार उतरू देत न्हाईत. पर ह्यो ऐकतोय कुठं! तुमच्या सभेपास्नं लई हसत हुता."

पेवाच्या तोंडाशी शेंदूर फासलेला नवा दगड. चार दिवसांत देवी उभी राहिली. शेंदराचा हात पिराजींचा असेल, दगड मीच ठेवला.

१८ नोव्हेंबर

रविवारी गावात शोकसभा. दादासो येऊन बसले. "वायूचं सांगा, दणकून सांगा. पर तुमचं वाक्य ऱ्हायलं हे कशाला? सगळं काम मातीत जाईल की!"

ओरडले मी त्यांच्यावर. बुवाबाबांना जाब विचारत गावोगाव फिरले, आता माझ्यावर आलं तर तोंड शिवू? चूक कबूल करणार. त्याच चौकात, सगळ्यांसमोर. दादासो चहा तसाच टाकून गेले.

२० नोव्हेंबर

कबुलीचं भाषण तीनदा लिहिलं. तीनदा फाडलं. चांगलं जमत होतं म्हणून!

२१ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी दारात झुंबरबाई. एसटीने एकट्याच आल्या. बसल्या नाहीत.

"उद्या समदं सांगनार म्हनं तुमी?"

"हो. दिवा सोडा, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं."

"जोतीराम दिवा पेटवून घिऊन आलता," म्हणाल्या. "दिव्याला दोरबी बांधला हुता त्येनं. म्यांच म्हनलं, ठिव त्यो बाजूला. ताईंनी सांगितलेलं ऐकलं न्हाईस व्हय? चल, उतर." मग पदर तोंडाशी धरून, "सुनंला ठावं न्हाय. तुमी दिव्याचं काढलं की ती इचारनार, त्या दिशी दिवा कुनी सोडू दिला न्हाय."

वायूचं दादासो सांगतील. मी उद्या बोलणार नाही.