रुद्राणीचं ‘न्हाई’

मंगळवार, ५ एप्रिल २०१६. लातूर

ऑपरेशन थिएटर आजही बंद. टँकर आला नाही. हात धुवायला पाणी नसलेली सर्जन म्हणजे पगार घेणारी पाहुणीच.

आणि नेमकी आज उदगीरहून रुद्राणी आली. वय नऊ. अपेंडिक्स सुजलंय, पण फुटलेलं नाही. सोनोग्राफीत खडाही दिसत नाही. अशा मुलांचं न कापता, नुसत्या सलाईनमधल्या अँटिबायोटिकवर पुष्कळदा भागतं. पुष्कळदा — नेहमी नाही. तिच्या वडिलांना, वीरभद्रना, हे दोन्ही शब्द नीट सांगितले. त्यांनी पहिलाच ऐकला.

आजी दानम्मा तर खूश. "लेकराच्या पोटाला सुरी लागू देनार न्हाई. उदगीर जिल्हा होऊन राहिला म्हने. मोठा दवाखाना येईल, तवाचं तवा बघू."

अपेंडिक्स जिल्हा होण्याची वाट बघत नसतं.

अट एकच घातली. दुखणं वाढलं की लगेच सांगायचं, मग थेट नांदेड. तिथलं थिएटर अजून चालू आहे. उशीर झाला तर ते पोटात फुटेल, आणि मग माझ्या हातात काही नाही.

बुधवार, ६ एप्रिल

तोंडानं काही द्यायचं नाही, फक्त सलाईन. "दुखतंय का गं?" — "न्हाई." "कालच्यापेक्षा कमी?" — "हाव." पोट दाबलं तरी हूं की चूं नाही. जरा ताठ लागलं. गुदगुल्या होत असतील. शहाणी पोर! बाकीची मुलं मला बघितलं की भोकाड पसरतात.

संध्याकाळी शेजारी बारसं. यजमानीण तांब्या घेऊन सगळ्यांपुढे फिरली. सगळे — "नको नको, आत्ताच पिऊन आलो." मीही तेच म्हटलं, घसा कोरडा पडलेला असताना. एकाही लेकरानं हात पुढे केला नाही. लातुरात सध्या ही रीतच झालीय. घरच्यांनी विचारायचं, आलेल्यानं नको म्हणायचं.

गुरुवार, ७ एप्रिल

"न्हाई." ताप बारीक. पण बाहेर ऊन असं की वॉर्डात सगळ्यांचंच अंग तापलंय. तोंडानं घोट घोट पाणी सुरू करायला सांगितलं. बरी होतेय.

शुक्रवार, ८ एप्रिल. पाडवा

दानम्मानं सलाईनच्या दांडीला साखरेची गाठी बांधली. ही आमची गुढी, म्हणाली.

पारू सिस्टर म्हणाली, "म्याडम, या पोरीनं कालपासून पान्याला तोंडच लावलं न्हाई."

मी पेला पुढे केला. "तहान लागली ना?"

"न्हाई."

ओठांना भेगा पडलेल्या. नजर पेल्यावर.

दानम्मा कौतुकानं सांगू लागली, "लई गुनाची हाय. परक्याच्या दारात पानी कवा मागत न्हाई. दिलं तरी न्हाईच म्हनती. शिकिवलंच तसं."

मी पेला खाली ठेवला. ही मुलगी तीन दिवस दवाखान्यात नव्हतीच, परक्याच्या घरी होती. मी विचारत होते, ती नको म्हणत होती. आणि मी तिची रीतभात केसपेपरवर उतरवून घेत होते — वेदना नाहीत.

"रुद्राणी, खाली उतर. जागेवर एक उडी मार बरं." आत सूज पसरली असेल तर उडी मारताना कळ लपत नाही.

उतरली. मारली. हसली — आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"दुखलं?"

"न्हाई."

लगेच सोनोग्राफी. पू धरलाय. नांदेडला न्यायचं म्हटलं तर दानम्मा दांडी धरून उभी. "रडली न्हाई, वरडली न्हाई, मग कापायचं कशापायी?"

"अज्जी, तुम्ही शिकवलंत तेच करतेय ती. पाणी मागत नाही, तसंच दुखतंय हेही सांगत नाही."

म्हातारीनं दांडीवरचा हात काढला. मग नातीजवळ बसली, गालावरून हात फिरवला. "खरं सांग गं माय. दुखतंय?"

पोरीनं आधी माझ्याकडे बघितलं, मग आजीकडे. आणि आजीच्या पदरात तोंड खुपसलं.

दानम्मानं स्वतःच गाठी सोडली, पिशवीत टाकली. "चला," म्हणाली.

अँब्युलन्स गेल्यावर माझा मलाच संताप आला. पोट ताठ लागलं होतं. हातांना कळलं होतं, मी कानांवर विश्वास ठेवला.

शनिवार, ९ एप्रिल

नांदेडहून माझ्या वर्गमैत्रिणीचा फोन. अपेंडिक्स फुटलं होतं. पू धुऊन काढला. पोरगी अजून गुंगीत आहे. आता बघू, एवढंच म्हणाली.

इथं दुसऱ्या एका मुलाचं त्याच औषधावर छान चाललंय. त्यालाही आज उड्या मारायला लावल्या. चार मारल्या आणि पाचवी मारू का विचारलं. औषध वाईट नाही. माझं विचारणं चुकलं.

दिवसभर कशात लक्ष नाही. फोन उशाशी.

रविवार, १० एप्रिल

वीरभद्रनी फोन लेकीच्या कानाला लावला. मी काही विचारायच्या आतच ती सुरू झाली — "म्याडम, लई दुखून राहिलं. आन् मला तहान लागली तर हे लोक पानी देऊन न्हाई राहिले!"

सगळी तक्रार ऐकून घेतली. मग वॉर्डाच्या जिन्यात बसून रडले.