समजूत काढायची फी

१२ जुलै ९४, मंगळवार
धाकट्या शकूला नगरच्या तंत्रनिकेतनात प्रवेश मिळाला. वसतिगृहात जागा नाही. एक तारखेपासून तास सुरू. तोवर नगरला खोली मिळाली नाही तर ती जामखेडलाच राहणार, आणि आई तिच्यासाठी स्थळं बघायला लागणार. इथे आत्याच्या एका खोलीत आम्ही सहा जण. सातवी मावत नाही.

१५ जुलै, शुक्र.
सावेडीत खोली पाहिली. मागच्या बाजूची, नळ स्वतंत्र, खिडकीपाशी शकूचं टेबल बसेल. भाडं साडेतीनशे. एजंट मारुतराव बाकीचं सांगत गेले: पागडी पाच हजार, रंगसफेदीचे वेगळे, मीटरचे वेगळे, त्यांचं कमिशन एका महिन्याचं. पावती कशाचीच नाही. मग आडनाव विचारलं. सांगितलं.
"मग कमिशन दोन महिन्यांचं पडंल, ताई."
का?
"मालकांची समजूत काढावी लागती. जीभ झिजती आमची."
रागाने नाही बोलले. दूधवाला भाव वाढवतो तसं.

१८ जुलै, सोम.
वकीलसाहेबांनी (व.सा.) आज एका भाडेकरूची नोटीस सांगितली, मी टाइप केली. भाड्याखेरीज पागडी घेणं गुन्हा; मालकाच्या वतीने घेणाऱ्यालाही तेच लागू; भाड्याची पावती द्यायलाच हवी. काय आवाज लागला होता त्यांचा. दोन वर्षं इथे टायपिस्ट आहे त्याचा अभिमान वाटला.
दुपारी धीर करून माझं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. सावेडीचे मालक त्यांचेच अशील, मारुतराव रोजचे येणारे. म्हणाले, अर्ज कर की. तारखा पडतील, तोवर बहीण कुठे राहील ते बघ. वर हसून, तुझ्याकडून टायपिंगचे घेणार नाही.

२४ जुलै, रवि. जामखेड
वडिलांनी पोस्टातले पैसे काढून ठेवले होते. रस्त्याच्या गँगवर उन्हात वीस वर्षं, त्यातले. मी म्हटलं, कायद्याने हे द्यावं लागत नाही.
"कायदा तू शिकलीस. घरमालक शिकलाय का?"
आडनावाचं सांगितलं नाही. सांगवेना.

२८ जुलै, गुरु.
मालकांसाठी व.सा. करून घेतात तो कागद, माझा मीच टाइप केला. 'घरमालकांकडून मी हातउसने घेतलेले रुपये पाच हजार आज रोजी परत केले.' पागडी हा शब्द कुठेच नाही. ज्या माणसाला मी एकदाच पाहिलं, त्याची मी देणेकरी होते म्हणे.
आणि हा मजकूर मला पाठ होता. दोन वर्षांत कितीदा टाइप केलाय. मला वाटायचं, नगरची माणसं घरमालकांकडून फारच उसनं घेतात. बी.ए. फर्स्ट क्लास.
सही केली. मारुतरावांना दोन महिन्यांचे दिले.

३ ऑगस्ट, बुध.
सामान लावलं. मारुतराव चक्कर टाकून गेले. म्हणाले, बाबासाहेबांची तसबीर आतल्या भिंतीला लावा, दारासमोर नको, समजूत अजून नवी हाय. शकूने त्यांच्यासमोरच दारासमोर खिळा ठोकला. मी हातोडी धरायला हवी होती. मी चहा करत होते.

१६ ऑगस्ट, मंगळ.
काष्टीच्या एक बाई आल्या. दवाखान्यात नर्स, नवी नेमणूक. खोली मारुतरावांनीच दाखवलेली. व.सा. कोर्टात होते. मी तोच कागद पुढे केला. बाईंनी बोट ठेवून ठेवून वाचला.
"म्या कधी घेतलं यांच्याकडनं? मी तर ह्यांना वळखत बी न्हाई."
दोन वर्षांत हे विचारणारं पहिलं माणूस. मी कायदा सांगितला, सगळा. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी दिलं का?"
दिलं, म्हटलं.
"मग तसं लिवून द्या. म्या बी लिवते, माझ्याकडं मागितलं म्हनून. दोघींचं असलं तर कोन खोटं म्हनंल?"
कागद सही न करता टेबलावर ठेवला. उद्या अकराला येते म्हणाल्या. व.सा. साडेदहाला येतात.
घरी आल्यावर शकूला सांगितलं, लिहून द्यायचं का म्हणून. ती ड्रॉइंगच्या शीटवर रेघ ओढत होती. ओढून पुरी केली.
"खोली जाईल?"
बहुतेक. नोकरी तर नक्कीच.
पट्टी सरकवली, पुढची रेघ घेतली. मग म्हणाली, "ही शीट शुक्रवारी द्यायचीय. तोवर टेबल हलवू नकोस."