पांढऱ्या आभाळाचा फोटो

अहो,

नाव घेऊन हाक मारायची सवय नाही, म्हणून कागदावरही ‘अहो’च. परवा तुमचं वर्षश्राद्ध. भिंतीवर फोटो लावायचाय आणि त्यावरून तुमच्याशी थोडं भांडायचंय. आता दुसऱ्या कोणाशी भांडू?

मालवणातल्या निम्म्या लग्नाळू मुलींचे फोटो तुम्ही काढलेत. आणि तुमच्या तेराव्याला काय ठेवावं लागलं? मतदान कार्डावरचा फोटो मोठा करून! चोरी करताना पकडल्यासारखं तोंड. येणारा प्रत्येक जण आधी फोटोकडे बघे, मग माझ्याकडे. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

चूक तुमचीच. स्वतः कधी कॅमेऱ्यासमोर उभे राहिलात? नेहमी आपलं आभाळ, आभाळ! किनाऱ्यावर माणूस उभा केला की आधी आभाळाचा मीटर घ्यायचा, म्हणजे तिथला उजेड मोजायचा, आणि अंधारलेल्या तोंडावर मी थर्माकोलने उजेड टाकायचा. म्हणजे आभाळही निळं राहतं, माणूसही दिसतो. “वायच वर. अजून वर. आता हलू नको हां!” बारा वर्षं हात भरून येईपर्यंत तो पांढरा तक्ता धरला मी. लोक मला थर्माकोलवाली म्हणायला लागले, तर तुम्ही हसायचात.

तो दिवस आठवतो? रोलमध्ये शेवटची फ्रेम उरली होती. रोल संपवून लॅबला पाठवायचा होता, गिऱ्हाईक निघून गेलं होतं. मी म्हटलं, तुम्ही उभे राहा. समुद्राकडे पाठ करून उभे राहिलात, कपाळाला आठ्या घालून. तक्ता धरायला कोण होतं? मग मी अगदी तुमच्या तोंडाजवळ येऊन मीटर घेतला, मागे सरले आणि बटण दाबलं.

फोटो आला तेव्हा तुमचं तोंड स्वच्छ, पण मागचं आभाळ पांढरंफटक. केवढे भडकलात! “काय ह्या केलंस गो? सगळा आभाळ जळला! फाडून टाक तो!”

मीही कमी नव्हते. “मी तुमचो फोटो काढलंय, आभाळाचो नाय!”

दोन दिवस अबोला. मी फोटो फाडला नाही, ट्रंकेत साड्यांच्या खाली सरकवून ठेवला. पण त्यानंतर पुन्हा कॅमेरा मागितला नाही. मागायला हवा होता. तुम्ही नाही म्हणाला असतात, तरी मागायला हवा होता. मग त्या सकाळी छातीत दुखतंय म्हणालात, आणि ओरोसच्या हॉस्पिटलच्या वाटेवरच सगळं संपलं.

थर्माकोल अजून दाराआड उभा आहे. एकदा संध्याकाळी उगाच उचलून अंगणात धरला. समोर कोणीच नव्हतं. खूप एकटं वाटलं हो. रडले मी, शेजारणीला ऐकू जाईल इतकी.

काल तो फोटो घेऊन लॅबमध्ये गेले. आता तिथं सगळं कॉम्प्युटरवर चालतं. माणूस म्हणाला, “काकी, पाठीमागे निळा आभाळ घालतंय. चष्म्यातली चमक पण काढतंय. काका बरे दिसतले.”

मी हो म्हणणार होते. तुम्हाला जळलेलं आभाळ कधी चाललं होतं? निदान आता तरी तुमच्या मनासारखं होऊ दे, असं वाटलं. त्याने तुमचा चेहरा पडदाभर मोठा केला. आठ्या कुठल्या? ओठांच्या कोपऱ्यात हसत होतात की! आणि चष्म्याच्या काचेत तांदळाएवढा निळा ठिपका. माझी निळी साडी! डोळ्याला कॅमेरा लावून मी उभी.

लग्नानंतर आपला दोघांचा एकही फोटो नाही म्हणून मी किती वेळा कुरकुरले! आणि हा एवढी वर्षं माझ्याच साड्यांखाली पडून होता.

“रव,” मी त्याला थांबवलं, “थंय हात लावू नको.”

शब्द देते, परवा हाच लावीन. आभाळ पांढरंफटक आहे तसंच राहील. आणि लोक लावतात तसा वर, छताजवळ नाही, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर लावीन, म्हणजे रोज चष्म्यात बघता येईल. रागावायचं तर रागवा. निळं हवं होतं ना तुम्हाला? तुम्ही बघत होतात तिकडे होतं ते.

तुमची,
थर्माकोलवाली